पाराचिल्नाचे प्रेअरी हॉटेल

आमच्या मंडळातील बऱ्याच घरांतली मुले आता ऑस्ट्रेलियात आहेत. त्यांच्याकडे जाऊन आलेली मंडळी सिडनी-मेलबर्नच्या गोष्टी रंगवून सांगतात. त्या देशाचा बराच मोठा भाग मात्र किनाऱ्यापासून आत, कोरडा आणि जवळजवळ निर्मनुष्य आहे. त्याला 'आउटबॅक' म्हणतात. तिथल्या एका हॉटेलाची ही हकिगत.

आम्हा इंदूरकरांना हॉटेल म्हटले की पोहे-जिलेबी आठवते. तिकडे हॉटेल म्हणजे मुळात दारूचे दुकान. पण वसाहतींच्या काळात परवाना देताना सरकारची अट असे, की वाटसरूला जेवण आणि झोपायला जागा द्यावी लागेल. आपल्या अहिल्यादेवींनी तीर्थक्षेत्री धर्मशाळा बांधल्या त्या धर्मबुद्धीने. तिकडे तेच काम मद्याच्या परवान्याने करून घेतले!

अ‍ॅडलेडच्या उत्तरेस सुमारे 500 किलोमीटरवर, फ्लिंडर्स डोंगररांगेच्या पश्चिमेला पाराचिल्ना हे अगदी चिमुकले गाव आहे. प्रेअरी हॉटेल तिथे 1876 मध्ये सुरू झाले. सर्वेक्षण अधिकारी जॉर्ज गॉयडर यांनी 1865 मध्येच नकाशावर रेघ ओढून दिली होती: हिच्या उत्तरेला पावसाचा भरवसा नाही, शेती करू नका. पुढे काही वर्षे पाऊस बरा झाला आणि लोक रेघ विसरले. मग दुष्काळ आले, शेते ओस पडली, घरांच्या नुसत्या भिंती उरल्या. हॉटेल टिकले ते रेल्वेमुळे. 1880 च्या दशकात उत्तरेकडे सरकत गेलेला हा लोहमार्ग पुढे 'घान' गाडीमुळे प्रसिद्ध झाला.

हे नाव 'अफगाण' या शब्दावरून पडले असे मानतात. रूळ संपत तिथून पुढे लोकर, पीठ, तारेची भेंडोळी सारे उंटांच्या पाठीवरून जाई. 1866 मध्ये शंभराहून अधिक उंट आणि त्यांचे हाकारे कराचीहून इकडे आणले गेले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होते, म्हणजे कारभाराच्या हिशेबाने पुण्या-साताऱ्याबरोबरच! हे हाकारे बलुची, सिंधी, पंजाबी, पठाण असे नाना मुलखांचे. गोऱ्यांनी सरसकट सगळ्यांना अफगाण ठरवले.

हॉटेलांच्या आतिथ्याचे कौतुक करताना एक गोष्ट आम्हाला सोडवत नाही. ज्यांच्या उंटांवर या मुलखातली दुकाने आणि हॉटेले भरत, त्यांची वस्ती वेगळी असे. पाराचिल्नाच्या उत्तरेला मारी या गावात तर रुळांच्या एका बाजूला गोरे आणि दुसऱ्या बाजूला उंटवाले व आदिवासी, अशी उघड वाटणी होती. ही भूमी मुळात ज्यांची, त्या आद्न्यामथन्हा लोकांनाही कायद्याने हॉटेलात मद्य देता येत नसे. 1960 च्या दशकापर्यंत हेच चालले. वाटसरूला जागा द्यावी असा कायदा होता, पण वाटसरू कोणाला म्हणायचे हे रंगावर ठरे. पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात राहणाऱ्या आम्हा मराठी माणसांना यातली बोच निराळी सांगायला नको.

1980 मध्ये 'घान'चा मार्ग दूर पश्चिमेला गेला. अशा मार्गांवरची कितीतरी हॉटेले बंद पडली. 1991 मध्ये शेजारच्या निलपेना येथील मेंढ्या-गुरे पाळणाऱ्या एका कुटुंबाने प्रेअरी हॉटेल विकत घेतले. दुष्काळात जनावरांचा धंदा बसतो, तेव्हा घराला दुसरा आधार हवाच. याच कुटुंबाच्या रानात सुमारे 55 कोटी वर्षांपूर्वीच्या मऊ शरीराच्या जीवांचे ठसे दगडांत सापडले. तिथे आता राष्ट्रीय उद्यान झाले आहे, आणि रेल्वेऐवजी हे दगड पाहायला येणारे पाहुणे हॉटेलात उतरू लागले.

घरच्यांनी स्वयंपाकघरही बदलले. शहरातल्या पदार्थांची नक्कल न करता भोवतीच्या रानातले तेच ताटात आणले. रानातल्या आंबट फळांचे गोड पदार्थ, कांगारू, एमू आणि उंटाचे मांस. ट्रक आल्यावर उंटवाल्यांनी आपली जनावरे मोकळी सोडली होती, ती रानटी होऊन माजली. आज तिथे ताटात येणारा उंट त्यांच्याच वंशातला.