मंदी कुणाची?

तिसरी पाळी सुटताना मुकादम म्हणाला, "मंदी हाय. बदलीवाल्यांनी उद्यापासनं येऊ नका." आम्ही अकरा जण. मी आठवी शिकलेला. पण ज्या शब्दानं माझी भाकरी हिसकावली, त्याचा बाप कोण हे कळलंच पाहिजे, म्हणून वाचनालयात जाऊन बसलो. मित्रांनो, जे हाती लागलं ते तुमच्यापुढं टाकतो.

साल 1929. अमेरिकेतले कारखाने धडाक्यानं माल काढत होते, पण तो विकत घ्यायला मजुराच्या हातात तेवढी मजुरी नव्हती. शेतमालाचे भाव आधीच पडलेले. पैसेवाले मात्र उसन्या पैशावर शेअर घेत सुटले. 24 आणि 29 ऑक्टोबरला न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. 1933 पर्यंत हजारो बँका बुडाल्या. चार कामगारांतला एक बेकार झाला. सरकारांनी चलन सोन्याला बांधलेलं, म्हणून खर्च आवळला. 1930 मध्ये अमेरिकेनं परक्या मालावर जकात वाढवली, मग इतरांनीही वाढवली. जगाचा व्यापारच आखडला.

ब्राझीलमध्ये भाव राखायला कॉफी जाळली. माल जळत होता, माणूस उपाशी होता! अमेरिकन कर्जावर उभ्या जर्मनीत 1932 साली साठ लाख बेकार. हिटलरच्या पक्षाचे 1928 मध्ये 12 खासदार होते, जुलै 1932 मध्ये 230 झाले. उपाशी माणसाला भाकरी दिली नाही, ज्यू हा शत्रू म्हणून दाखवला.

आपल्याकडं 1928 ते 1934 मध्ये गव्हाचा भाव निम्म्यावर आला. सारा काही त्या मानानं उतरला नाही. शेतकऱ्यानं बायकोच्या अंगावरचं सोनं विकलं, ते जहाजानं विलायतेला गेलं. पण ज्याच्याकडं जमीनही नाही, सोनंही नाही, त्यानं काय विकायचं? हातच ना! अन् हाताला तर कामच नव्हतं.

अमेरिकेतले काळे कामगार म्हणत, आम्हाला घेतात शेवटी, काढतात आधी. 1935 मध्ये तिथं पेन्शनचा, बेकारी विम्याचा कायदा झाला. त्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले. दक्षिणेतले बहुतेक काळे हीच कामं करत होते.

आपली गोष्ट वेगळी आहे का? मुंबईच्या गिरण्यांत कापडखात्यात पगार जास्त. पण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली अस्पृश्याला तिथं मज्जाव. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न पुढाऱ्यांना विचारला. म्हणजे मंदी येण्याआधीच कुणाला कुठं उभं करायचं ते ठरलेलं होतं.

मंदी आभाळातनं पडत नाही. माणसंच ती आणतात. पण उतरंडीचा भार सोसतं ते तळाचं मडकं.

आम्हा अकरांतले नऊ आपल्याच वस्तीतले आहेत. सोमवारी गेटवर जाणार आहोत. मंदी आहे, मान्य. पण ही यादी कुणी केली, कशी केली, एवढंच विचारायचंय. तुम्हीही आपापल्या गेटवर विचारा.