गिग कामगार म्हणजे कोण? नोंदणी कुठे, लाभ कोणते : वसई-विरारच्या रायडर आणि चालकांसाठी माहिती

वसई : नायगावपासून विरारपर्यंत कुठल्याही स्टेशनबाहेर बघा, पाठीवर बॅग अडकवलेली पोरं ॲपवर ऑर्डरची वाट बघत उभी असतात. मोबाईलवरच्या ॲपमधून काम घेणाऱ्या अशा डिलिव्हरी रायडर, कॅबचालक आणि घरोघरी सेवा देणाऱ्यांना सरकारी भाषेत गिग व प्लॅटफॉर्म कामगार म्हणतात. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात असे ७७ लाख कामगार होते. २०२९-३० पर्यंत ही संख्या २ कोटी ३५ लाखांवर जाईल, असा अंदाज आहे.

कायदा काय सांगतो?

सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये संसदेत मंजूर झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. गिग कामगाराची व्याख्या केंद्रीय कायद्यात पहिल्यांदा आली ती यात. ॲप चालवणाऱ्या कंपनीला कायद्यात ॲग्रीगेटर म्हटले आहे. कंपनीने वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम सामाजिक सुरक्षा निधीत भरायची आहे. मात्र ही रक्कम कामगारांना दिलेल्या किंवा देय मोबदल्याच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसेल. या निधीतून अपघात विमा, आरोग्य, प्रसूती आणि म्हातारपणाच्या योजना आखता येतात.

एक गोष्ट नीट समजून घ्या. गिग कामगार हा कायद्याने कंपनीचा कर्मचारी नाही. त्यामुळे पीएफ, किमान वेतन किंवा भरपगारी सुट्टी या संहितेमुळे आपोआप मिळत नाही.

सरकार आणि कंपन्या एकत्र कुठे येतात?

ई-श्रम पोर्टल ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झाले. डिसेंबर २०२४ पासून त्यावर ॲग्रीगेटरसाठी वेगळी सोय आहे. कंपनीने आपल्याकडच्या कामगारांची माहिती द्यायची आणि सरकारने प्रत्येकाला १२ अंकी यूएएन क्रमांक द्यायचा, अशी ही रचना आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ओळखपत्र आणि आयुष्मान योजनेतून आरोग्य संरक्षणाची घोषणा झाली. या योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचाराचे कवच असते.

९० दिवसांचा हिशोब

केंद्राने ३० डिसेंबर २०२५ रोजी नियमांचा मसुदा काढला. त्यानुसार लाभासाठी आर्थिक वर्षात एका कंपनीसोबत किमान ९० दिवस किंवा अनेक कंपन्या मिळून १२० दिवस काम हवे. ज्या दिवशी कमाई झाली तो दिवस धरला जातो, मग कमाई कितीही असो. एकाच दिवशी तीन कंपन्यांचे काम केले तर ते तीन दिवस मोजायचे आहेत. हे आकडे मसुद्यातले आहेत, अंतिम नियमात वेगळे असू शकतात.

इथेच अनेकांचे नुकसान होऊ शकते. भावाच्या किंवा मित्राच्या आयडीवर गाडी चालवली, तर राबतो एक आणि दिवस जमा होतात दुसऱ्याच्या आधारवर. उद्या अपघात झाला तर रेकॉर्डवर त्या माणसाचे नावच नसेल.

राज्यात काय?

राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये गिग कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. महाराष्ट्राने मे २०२५ मध्ये ॲप-कॅबसाठी धोरण आणले. त्यात भाड्याच्या किमान ८० टक्के रक्कम चालकाला देण्याची आणि गर्दीच्या वेळचे भाडे मूळ दराच्या दीडपटीपेक्षा जास्त न घेण्याची तरतूद आहे. बाईक टॅक्सीसाठी राज्यात फक्त ई-बाईकला परवानगी देण्याचे धोरण आहे. त्यामुळे पेट्रोल बाईकवर ॲपची सवारी घेणाऱ्याने कारवाईची जोखीम लक्षात घ्यावी.

रायडरने काय करावे?

- आधार, आधारशी जोडलेला मोबाईल नंबर आणि बँक पासबुक जवळ ठेवा. ई-श्रमवर स्वतः किंवा जवळच्या सीएससी केंद्रात नोंदणी करा.
- आधीच यूएएन असेल तर कामाचा प्रकार 'प्लॅटफॉर्म कामगार' असा अपडेट झाला आहे का, ते तपासा.
- आयडी स्वतःच्याच नावावर ठेवा.
- दर महिन्याच्या कमाईचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. आयडी ब्लॉक झाला तर ॲपमधला इतिहास उघडेलच असे नाही.
- अडचण आल्यास ई-श्रमची हेल्पलाईन १४४३४.