‘ॲथलेटिक’ : एका नावाचा इतिहास आणि एका संघाची अस्मिता

संस्थेचे नाव हे तिच्या इतिहासाचे एक साधन असते. स्थलनामे व कुलनामे यांच्या अभ्यासाने इतिहाससंशोधनास पुष्कळ साहाय्य झाले आहे. क्रीडासंस्थांच्या नावांकडे मात्र भाषाभ्यासकांचे लक्ष त्या मानाने कमी गेले आहे. प्रस्तुत लेखात स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरील बिल्बाओ शहराच्या ‘ॲथलेटिक क्लब’ या व्यावसायिक फुटबॉल संघाचा या दृष्टीने विचार करावयाचा आहे. हा संघ शंभरांहून अधिक वर्षे बास्क प्रदेशातील खेळाडूंनिशीच खेळत आला आहे. नाव मात्र इंग्रजी आहे. स्वकीयांचा एवढा आग्रह धरणाऱ्या संस्थेने परभाषेतील नाव इतक्या निष्ठेने का जपावे, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटेल. परंतु संघाच्या अस्मितेचे मर्म त्याच्याच उत्तरात सापडते, असे मला वाटते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बिल्बाओच्या आसपासच्या डोंगरांतील लोहखनिज जहाजांनी इंग्लंडला जाऊ लागले. त्या व्यापाराबरोबर इंग्रज अभियंते, कामगार व खलाशी या बंदरात आले आणि त्यांच्याबरोबर फुटबॉलही आला. लामियाको येथील मोकळ्या मैदानावर ते खेळत. दुसरीकडे, शिक्षणासाठी ब्रिटनमध्ये गेलेले सधन बास्क घराण्यांतील तरुण तोच खेळ शिकून परत येत होते. क्लब आपले स्थापनावर्ष १८९८ मानतो. नियमावलीसह औपचारिक स्थापना १९०१ साली झाली. १९०३ मध्ये शहरातील दुसरा संघ, बिल्बाओ फुटबॉल क्लब, यात विलीन झाला. १९१० पासून अंगावर आलेला तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सदराही इंग्लंडातून, साउदॅम्प्टन येथून, आणलेला होता. म्हणजे खेळ, नाव आणि वेष ही तिन्ही उसनी होती. उसनवारीची लाज कोणास वाटली नाही; त्या काळी बिल्बाओत इंग्रजी शब्द हे नव्या उद्योगयुगाचे लक्षण समजले जाई.

उसने शब्द रुजतात तेव्हा त्यांच्याभोवती कथा वाढतात. विजेतेपद मिळाल्यावर स्पेनमध्ये ‘आलिरोन’ असा जयघोष होतो. बिल्बाओत सांगतात की, खाणीत उत्तम खनिज लागले की इंग्रज अधिकारी ‘ऑल आयर्न’, म्हणजे ‘सगळे लोखंडच’, असे जाहीर करीत व मजुरांना जादा वेतन मिळे. त्या आनंदातून हा घोष निघाला. अरबीतील ‘घोषणा’ या अर्थाच्या शब्दाशीही त्याचा संबंध जोडला जातो, आणि पहिली उपपत्ती ही लोकव्युत्पत्ती असणे अधिक संभवनीय आहे. तथापि लोकव्युत्पत्ती शब्दाविषयी चुकीचे सांगत असली तरी समाजाविषयी बहुधा खरे सांगते. आपला आनंद खाणीतून निघाला, असे या शहरास वाटते, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. खेळाडूंना ‘सिंह’ का म्हणतात, याचा उलगडाही असाच आहे. १९१३ साली उघडलेले मैदान सान मामेस या संताच्या नावाने ओळखले जाई. या संतास सिंहांपुढे टाकले असता सिंहांनी त्यास स्पर्श केला नाही, अशी आख्यायिका आहे. संताचे सिंह संघाचे झाले. २०१३ मध्ये जुन्याच्या शेजारी नवे क्रीडागार उभे राहिले. नाव तेच राहिले.

आता संघाच्या प्रसिद्ध संकेताकडे वळू. आरंभीच्या वर्षांत संघात इंग्रज खेळाडू होते. १९११ च्या राष्ट्रीय चषकस्पर्धेत परकीय खेळाडूंच्या पात्रतेवरून वाद उत्पन्न झाला. त्यानंतर स्थानिक खेळाडूंवरच विसंबण्याचा प्रघात पडला आणि प्रघाताचे व्रत झाले. हा नियम क्लबाच्या घटनेत लिहिलेला नाही. तो रूढीने चालतो. या मर्यादेत राहूनही क्लबाने राष्ट्रीय साखळी स्पर्धा आठ वेळा जिंकली. १९२९ साली ती सुरू झाल्यापासून २०२५ पर्यंत पहिल्या श्रेणीतून कधीही खाली न गेलेले संघ तीनच : रेआल माद्रिद, बार्सिलोना आणि ॲथलेटिक.

यादवी युद्धाने या इतिहासास वेगळे वळण दिले. १९३६ साली स्थापन झालेल्या बास्क शासनाचे पहिले अध्यक्ष होसे आंतोनियो आगिर्रे हे पूर्वी याच क्लबाकडून खेळलेले होते. जून १९३७ मध्ये फ्रँकोच्या सैन्याने बिल्बाओ घेतले. त्यानंतर बास्क भाषेची सार्वजनिक जीवनातून हकालपट्टी झाली. परकीय शब्दांवरही वक्रदृष्टी वळली आणि १९४१ मध्ये ‘ॲथलेटिक’चे सक्तीने ‘अत्लेतिको’ असे स्पॅनिश रूप करण्यात आले. येथे एक विसंगती ध्यानात घेतली पाहिजे. परकीय खेळाडू नसलेला हा संघ राजवटीस अस्सल स्पॅनिश बाण्याचा नमुना म्हणून मिरविण्यासही सोयीचा होता, आणि १९४३ ते १९४५ अशी सलग तीन वर्षे फ्रँकोच्या पदवीने ओळखला जाणारा चषक त्याने जिंकला. तोच संघ, तेच खेळाडू, तीच कामगिरी. पण एक पक्ष त्यात स्पेन पाहत होता आणि दुसरा बास्क देश.

नावाचे महत्त्व पटण्यास एक तुलना उपयोगी पडेल. १९०३ मध्ये माद्रिदमधील बास्क विद्यार्थ्यांनी बिल्बाओच्या क्लबाची एक शाखा तेथे काढली. तिचेही नाव ‘ॲथलेटिक’ असेच होते आणि त्याच काळात तेही ‘अत्लेतिको’ झाले. माद्रिदच्या संघाने ते रूप कायमचे स्वीकारले. बिल्बाओने मात्र १९७२ साली, फ्रँको जिवंत असतानाच, जुने नाव परत मिळविले. मूळ शब्द एक, त्यावरील सक्ती एक, परिणाम भिन्न. कारण बिल्बाओत तो शब्द आता इंग्रजी उरला नव्हता. हिरावून घेतला गेल्यामुळेच तो पुरता स्वकीय झाला होता.

५ डिसेंबर १९७६ रोजी सान सेबास्तियान येथे रेआल सोसिएदाद व ॲथलेटिक यांच्या सामन्यापूर्वी कोर्ताबार्रिया आणि इरिबार या दोन्ही कर्णधारांनी तोवर बेकायदा असलेला बास्क ध्वज मिळून मैदानावर आणला. पुढील महिन्यात त्या ध्वजावरील बंदी उठली. ध्वजाचे ‘इकुर्रिन्या’ हे नावही घडविलेले आहे. बास्क राष्ट्रवादाचे प्रवर्तक साबिनो आराना यांनी तो शब्द तयार केला.

परंतु बास्क कोणास म्हणावे? आरानांनी वंशावर भर दिला होता. भाषेचे उत्तर निराळे आहे. ज्ञात अशा कोणत्याही भाषाकुलाशी संबंध सिद्ध न झालेल्या या भाषेत बास्क माणसास ‘एउस्काल्दुन’ म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ ‘बास्क भाषा ज्याच्यापाशी आहे तो’. मागाहून भाषा शिकणाऱ्यास ‘नवा एउस्काल्दुन’ म्हणतात. आपल्याकडे ‘मराठी’ हा एकच शब्द भाषेस व माणसास लागतो. बास्कमध्ये माणसाची ओळख भाषेवरून साधली आहे.

क्लबाच्या संकेताचा प्रवास याच दिशेने झालेला दिसतो. आरंभी बिस्काया प्रांतावर भर होता. नंतर इतर बास्क प्रांत व नाव्हारा यांचा समावेश झाला. १९९६ साली फ्रान्सच्या हद्दीतील बास्क प्रदेशात जन्मलेला लिझाराझू आला. बास्क प्रदेशात जन्मलेला अथवा तेथे खेळाडू म्हणून घडलेला, असा आजचा अर्थ आहे. जन्माच्या जोडीस घडण आली, आणि घडणीचे केंद्र म्हणजे १९७१ पासूनची लेझामा येथील प्रशिक्षणभूमी.

या बदलाचे सर्वांत बोलके उदाहरण इन्याकी विल्यम्स याचे होय. घानाहून सहारा ओलांडून आलेल्या आईबापांच्या पोटी तो १९९४ साली बिल्बाओत जन्मला. अडचणीच्या दिवसांत त्यांना मदत करणाऱ्या एका धर्मोपदेशकाचे नाव त्यांनी मुलास ठेविले. हे ‘इन्याकी’ नावही साबिनो आराना यांच्या नामनिर्मितीतलेच मानले जाते. वंशशुद्धीचा पुरस्कार करणाऱ्याने घडविलेले नाव घानाच्या दांपत्याचा मुलगा धारण करतो आणि तो संघाचा निःसंशय ‘सिंह’ ठरतो, याहून अधिक मार्मिक भाष्य इतिहासाने क्वचितच केले असेल. ६ एप्रिल २०२४ रोजी मायोर्काचा पराभव करून संघाने चाळीस वर्षांनी राष्ट्रीय चषक मिळविला, तेव्हा इन्याकी व त्याचा धाकटा भाऊ निको दोघेही मैदानावर होते.

या संकेतावर आक्षेप घेतले जातात, आणि ते सर्वस्वी निराधार नाहीत. सीमा कितीही रुंदावली तरी ती सीमाच असते. रेआल सोसिएदादने तसाच प्रघात १९८९ साली सोडला. उद्या स्पर्धेचा ताण असह्य झाला तर ॲथलेटिकच्या सभासदांपुढेही तो प्रश्न उभा राहील. १९९० च्या क्रीडा कायद्यानंतरही कंपनी न होता सभासदांच्या मालकीचे राहिलेल्या मोजक्या क्लबांपैकी हा एक असल्याने निर्णय त्यांच्याच हाती आहे. तो घेताना आपल्या नावाची साक्ष त्यांनी काढावी. शब्द कोणत्या भाषेतून आला यावरून तो परका ठरत नाही. लोकांनी त्यास किती काळ, किती प्रेमाने वापरले यावर त्याचे स्वकीयत्व अवलंबून असते. माणसांच्या बाबतीतही हाच न्याय लागू आहे, असे या संघाचा इतिहास सांगतो.