ठिणगी कुठून येते? जुन्या गाडीचा इतिहास आणि न होणारी किक



आज पिकावर नाही, गाडीवर लिहितोय. कुठल्याही गावात फिरा, गोठ्याच्या कडेला नाहीतर कडब्याच्या गंजीला टेकवलेली एखादी राजदूत, येझदी किंवा जुनी स्प्लेंडर दिसतेच. इंजिन चांगलं असतं, पण चालू होत नाही म्हणून उभी. मग एक दिवस भंगारवाला येतो आणि किलोवर घेऊन जातो. बऱ्याच वेळा बिघाड असतो एका वायरीचा. तो सापडत नाही, कारण गाडी कोणत्या काळातली आहे हे न बघताच आपण कॉइल बदल, प्लग बदल असं करत सुटतो. म्हणून आधी इतिहास बघू, मग दुरुस्ती.

पेट्रोल इंजिनाला ठिणगी द्यायच्या पहिल्यापासून दोन वाटा आहेत. एक मॅग्नेटो. इंजिनाबरोबर लोहचुंबक फिरतं, त्यातूनच करंट तयार होतो, बॅटरी लागत नाही. जर्मनीत बॉशच्या कारखान्यात गोटलोब होनोल्ड यांनी १९०२ साली जास्त दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला चालणारा स्पार्क प्लग तयार केला. दुसरी वाट बॅटरीची. ती रुळवली अमेरिकेच्या ओहायोमधल्या चार्ल्स केटरिंग यांनी. हा माणूस शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला. १९१० च्या आसपास त्यांची बॅटरी-कॉइलची पद्धत कॅडिलॅक मोटारीत आली आणि १९१२ च्या मॉडेलला त्यांचाच सेल्फ स्टार्टर लागला. तोवर मोटारीला हँडल मारावं लागायचं.

केटरिंगची पद्धत समजली की निम्मी जुनी गाडी समजली. बॅटरीचा करंट कॉइलमध्ये जातो. पॉइंट मिटलेले असतात तोवर कॉइलमध्ये चुंबकत्व भरतं. इंजिन फिरून पॉइंट उघडले की करंट एकदम तुटतो आणि त्या झटक्यात कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट तयार होतात. तीच प्लगवरची ठिणगी. पॉइंटवर जाळ होऊ नये म्हणून शेजारी कंडेन्सर. कंडेन्सर गेला की पॉइंट जळून काळे पडतात, आणि बऱ्याचदा गाडी थंड असताना चालू होते, गरम झाली की बंद पडते.

आता आपल्याकडे येऊ. १९५५ साली मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि बुलेट इथं बनायला लागली. म्हैसूरला आयडियल जावा १९६०-६१ च्या सुमारास सुरू झाली, १९७३ पासून तिची गाडी येझदी नावाने आली, आणि १९९६ ला तो कारखाना बंद झाला. एस्कॉर्ट्सची राजदूत १७५ ही मूळ पोलंडच्या एसएचएल गाडीवरून घेतलेली. दूधवाल्यांची ही लाडकी गाडी, दोन्ही बाजूंना कॅन टांगून कच्च्या रस्त्याने चालायची.

या जुन्या गाड्यांत बऱ्याच सहा व्होल्टच्या. इथं एक हिशोब ध्यानात घ्या. ३६ वॅटचा बल्ब बारा व्होल्टवर ३ अँपिअर ओढतो, सहा व्होल्टवर ६ अँपिअर. करंट दुप्पट, म्हणून टर्मिनलवर जरा बुरा चढला, अर्थचा नट जरा ढिला झाला, तरी सहा व्होल्टची गाडी लगेच रुसते. येझदीच्या जुन्या डायनॅमोत कार्बन ब्रश असतात. ते झिजले की बॅटरी चार्ज होत नाही. लोक नवी बॅटरी घालतात, आठ दिवसांत तीही बसते, आणि दोष बॅटरीला जातो.

पॉइंटवाल्या बुलेटला तर तपासणीचं यंत्र कंपनीनेच दिलंय. हेडलाइटवरचा अँपिअरचा काटा. लाइट बंद ठेवून चावी चालू करा, डिकॉम्प्रेशन दाबून किक हळू फिरवा. पॉइंट मिटले की काटा थोडा वजाकडे जातो, उघडले की मध्ये येतो. काटा हललाच नाही तर करंट पोचत नाही. बॅटरी, फ्यूज, चावीचा स्विच, मळलेले पॉइंट, या क्रमाने बघा. काटा वजाकडेच अडकून राहिला तर पॉइंट उघडत नाहीत किंवा वायर कुठंतरी बॉडीला लागलीय. पॉइंटची गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर.

१९७२ ला पुण्याच्या कायनेटिकची लुना आली. ती मॅग्नेटोवर. पायडल मारलं की चालू. १९८५ ला हिरो होंडा सीडी १०० आणि १९९४ ला स्प्लेंडर आली. त्यांत पॉइंट गेले आणि सीडीआय आलं. पण जुन्या स्प्लेंडरची ठिणगी मॅग्नेटच्या करंटवरच, म्हणून बॅटरी मेली तरी ती किकने चालू होते. पुढे २००१ च्या पल्सरसारख्या गाड्यांनी सेल्फची सवय लावली, आणि एप्रिल २०२० च्या बीएस-६ नियमानंतर इंजेक्शन आलं. आता पेट्रोलचा पंप आणि कंट्रोल युनिट दोन्ही बॅटरीवर. म्हणजे फिरून आपण बॅटरीपाशीच आलो.

या सगळ्यातून एकच गोष्ट पाठ करा. बॅटरीवर ठिणगी असलेली गाडी चावीने करंट तोडून बंद होते. मॅग्नेटोवाली गाडी करंट बॉडीला टेकवून बंद होते. म्हणून पहिलीत वायर तुटली की ठिणगी जाते, दुसरीत वायर टेकली की ठिणगी जाते. दोन्हींत बिघाड शोधायची दिशाच उलटी. आपल्या पेट्रोल फवारणी पंपालाही दुसराच नियम लागू आहे.

आता क्रमाने:

१. प्लग काढा, कॅपमध्ये बसवून इंजिनाच्या धातूला टेकवा आणि किक मारा. प्लगच्या भोकापासून आणि पेट्रोलपासून लांब धरा, कॅप कोरड्या कापडाने किंवा रबराने धरा. ठिणगी निळी आणि कडक असेल तर करंटचा दोष नाही, पेट्रोलकडे बघा. पिवळी, मरगळलेली असेल तर आधी प्लगची काजळी साफ करा आणि कॅप बदलून बघा.

२. ठिणगीच नसेल तर बॅटरीवाल्या गाडीत टेस्ट लॅम्प घेऊन बॅटरीपासून कॉइलपर्यंत करंट कुठं थांबतो ते बघा.

३. मॅग्नेटोवाल्या गाडीत बंद करायच्या स्विचची वायर कॉइल किंवा सीडीआयपासून सोडवा आणि पुन्हा किक मारा. ठिणगी आली तर दोष स्विचचा किंवा सोललेल्या वायरीचा. मात्र तेव्हा चावीने इंजिन बंद होणार नाही, म्हणून वायर परत नीट जोडा.

४. सेल्फ नुसता टक टक करत असेल तर बॅटरी कमजोर किंवा टर्मिनल ढिलं. आवाजच नसेल तर फ्यूज, क्लचचा स्विच, रिले बघा. बारा व्होल्टची भरलेली बॅटरी उभ्या गाडीत १२.६ च्या आसपास दाखवते.

५. शेडात उभ्या गाडीची सीट उचलून वायरिंग बघाच. उंदीर कॉइल सोडतात, वायर सोडत नाहीत.

यातलं बरंचसं काम पान्हा, टेस्ट लॅम्प आणि पॉलिश पेपर एवढ्यावर होतं. सकाळचं दूध डेअरीवर पोचवायचं असतं तेव्हा गाडी ढकलत बसण्यापेक्षा हे दहा मिनिटांचं काम परवडतं.

पॉइंट घासून गॅप लावणारे मिस्त्री आता थकले. पुढच्या पिढीला पार्ट बदलता येतो, बिघाड शोधता येतोच असं नाही. तुमच्या बाजारगावात असा एखादा मिस्त्री अजून दुकानात बसत असेल, तर घरातल्या पोराला दोन दिवस त्याच्याजवळ बसवा. जुनी गाडी घेऊनच जा.