चाल, कडवं आणि पत्ता

बीबी हे जालना-सिंदखेडराजा-मेहकर रस्त्यावरचं आमचं गाव. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. त्याआधी मराठवाड्यातून दीक्षाभूमीला निघालेल्या कितीतरी गाड्या इथूनच जायच्या. दसऱ्याच्या आदल्या दिवशी निळे झेंडे लावलेल्या जीपा, ट्रक, खच्चून भरलेली एसटी... आणि दोन दिवसांनी तीच मंडळी परत. परत येताना पिशव्यांत बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, कॅलेंडर आणि गाणी.

हो, गाणी. पिशवीत मावणारी. आज लिहायचंय ते ही गाणी विकणाऱ्या धंद्याबद्दल. मोठमोठ्या गायकांवर पुष्कळ लिहिलं गेलंय, पण जमिनीवर पोतं अंथरून त्यांचा माल विकणाऱ्यावर फारसं कुणी लिहीत नाही.

इंग्रजीत 'अंडरग्राउंड' कलाकार म्हणतात. मराठीत त्याला 'भूमिगत' म्हटलं की डोळ्यांसमोर बेचाळीसची चळवळ येते, आणि ते इथे बसत नाही. (कबीर कला मंचाची मंडळी मात्र खरोखरच भूमिगत झाली होती. शीतल साठे आणि सचिन माळी २ एप्रिल २०१३ ला विधानभवनासमोर येऊन पोलिसांच्या स्वाधीन झाले.) आमच्याकडचे भीमगीतवाले कुणापासून लपलेले नव्हते. हजारोंसमोर उघड्या मैदानात गायचे. पण त्यातल्या बहुतेकांना ना रेडिओचं दार उघडं होतं, ना रेकॉर्ड कंपनीचं, ना बड्या प्रकाशकाचं. मग उरला तो स्टॉल. नागपूरला दसऱ्याला आणि १४ ऑक्टोबरला, दादरला ६ डिसेंबरला, आणि गावोगाव एप्रिलमध्ये जयंतीला.

स्टॉलवरचा जुना माल म्हणजे गाण्यांची पुस्तिका. तिचं गणित सोपं. छापखान्यात एक मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापून घडी घातली की सोळा पानांचा एक फॉर्मा होतो. त्यावर पातळ रंगीत कागदाचं कव्हर, मध्ये एक-दोन पिना, झालं पुस्तक! भांडवल कमी, वजन कमी, आणि पाऊस आलाच तर पोत्यासकट उचलून पळता येतं.

आमच्या आजोबांनी वर्षानुवर्षं आणलेल्या अशा पुस्तिका घरी एका पत्र्याच्या पेटीत आहेत. (मोठ्या काकांना ती पेटी नक्की आठवत असेल.) त्या चाळताना लक्षात येतं की ही वाचायची पुस्तकं नव्हेतच, ही गायची अवजारं आहेत. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर 'चाल' म्हणून एखाद्या चालू सिनेगीताचे पहिले शब्द दिलेले. स्वरलिपीची गरजच नाही. चाल आधीच सगळ्यांच्या कानात बसलेली, पुस्तिकेतून फक्त शब्द घ्यायचे. ज्याला वाचता येत नाही तोही विकत घ्यायचा आणि घरातल्या शाळकरी पोराकडून वाचून घ्यायचा. खुद्द वामनदादा कर्डक (जन्म १९२२, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी) अक्षर शिकले ते मोठेपणी. पुढे त्यांनी हजारोंनी गाणी लिहिली आणि गात गात गावोगाव हिंडले.

आता पैशाचं. इतक्या स्वस्त पुस्तिकेवर कवी काय कमावणार? फार नाही. माझ्या मते खरी कमाई मागच्या पानावर होती. तिथे पत्ता असायचा. नाव, गाव, तालुका, आणि 'कार्यक्रमासाठी भेटा किंवा लिहा'. म्हणजे नागपुरात विकली गेलेली पुस्तिका बीबीसारख्या गावात यायची, इथली पोरं चार गाणी बसवायची, मग पुढच्या जयंतीला मूळ माणसालाच बोलवू म्हणून पोस्टकार्ड जायचं. बिदागी तिथे मिळायची. स्टॉलवाला नुसता विक्रेता नव्हता, नकळत त्या कवीचा एजंटच होता.

१९८० च्या दशकात कॅसेट आली आणि धंदा पालटला. टेपरेकॉर्डर आवाक्यात आले. प्रल्हाद शिंदे तर आधीपासून गाजलेले, आता त्यांचे चिरंजीव आनंद आणि मिलिंद यांचेही आवाज घराघरात घुमू लागले. स्टॉलवर पोत्याच्या जागी टेबल आलं, टेबलावर कर्णा आला, शेजारच्याचा आवाज दाबायला आपला वाढवायचा हे ओघानंच आलं. विक्री वाढली यात शंका नाही. पण कॅसेटच्या कव्हरवर फोटो गायकाचा आणि पत्ता कंपनीचा! गीतकाराचं नाव बारीक अक्षरात, असलं तर. आणि तालुक्याच्या दुकानात तीच कॅसेट भरून घेतली की वर बॉलपेननं फक्त 'भीमगीते २'. पोस्टकार्ड पाठवायचं कुणाला?

पुढे एमपी३ ची सीडी आली. सातशे एमबीच्या एका चकतीवर शंभराहून जास्त गाणी. मग मोबाइलचं मेमरी कार्ड भरून देणारे आले. तिथे तर कव्हरच नाही. लोकांना गाणी भरपूर मिळाली, अगदी पोटभर, आणि मी त्याला वाईट म्हणणार नाही. आमच्या आजीनं म्हातारपणी जितकी गाणी ऐकली तितकी आजोबांनी पेटीभर पुस्तिका आणूनही ऐकली नसतील. पण ज्याचं शेत त्याचाच सातबारा हरवावा, तसं झालं.

या सगळ्यात एक गोष्ट टिकली, आणि ती जुन्या लोकांच्या शहाणपणाची आहे. संत अभंगात नाव गुंफायचे, शाहीर लावणी-पोवाड्यात गुंफायचे, तसं भीमगीतातही शेवटच्या कडव्यात कवी आपलं नाव घालतो. वामनदादांच्या गाण्यात 'वामन' येतोच. कव्हर फाटो, लेबल निघो, कार्डावर फाइलला 'ट्रॅक ०७' म्हणोत, शेवटचं कडवं गायलं की मालक कळतो. म्हणून कार्यक्रमात वेळ नाही या सबबीवर कुणी शेवटचं कडवं गाळलं की मला राग येतो.

वामनदादा १५ मे २००४ ला गेले. त्यांच्या गाण्यांचे जाडजूड संग्रह आता मिळतात, यूट्यूबवर तर विचारूच नका. नागपूरच्या मैदानात स्टॉल अजून लागतात, पुस्तकांभोवतीची गर्दीही हटलेली नाही. पण आमच्या पेटीत बाकीची नावंही आहेत. वामनदादांइतकी मोठी नसतील, त्यांचे ग्रंथ झाले नाहीत. त्यातल्या एका पुस्तिकेचं कव्हर आणि मागचं पान दोन्ही गेलंय. आतली गाणी चांगली आहेत, दोन तर फारच चांगली. प्रत्येकाच्या शेवटच्या कडव्यात 'नामदेव' येतो. आडनाव नाही, गाव नाही.