गिरणी कामगारांचे संप, सरकारची गोळी आणि देशभक्तीचा प्रश्न

२२ जुलै १९०८ च्या रात्री मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती दिनशा दावर यांनी लोकमान्य टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची आणि एक हजार रुपये दंडाची शिक्षा सुनावली. नऊ ज्यूरींपैकी सात युरोपीय होते व दोन पारशी. निर्णयही सात विरुद्ध दोन असाच झाला. (याच दावरांनी १८९७ साली वकील या नात्याने टिळकांना जामीन मिळवून दिला होता. आमच्या व्यवसायातील मंडळी ही गोष्ट आजही एकमेकांना सांगतात.) खटल्याची ही हकीकत मराठी माणसाला पाठ आहे. त्यापुढच्या सहा दिवसांकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही.

शिक्षेच्या प्रत्येक वर्षासाठी एक दिवस, असा हिशेब मनाशी धरून मुंबईच्या गिरणी कामगारांनी काम बंद ठेवले. ट्रेड युनियनचा कायदा यायला तेव्हा अठरा वर्षे अवकाश होता. नोंदलेली संघटना नाही, संपनिधी नाही, पगार बुडाला तर गावाकडची चूल बंद, अशा अवस्थेत रत्नागिरी-साताऱ्याहून आलेली ही माणसे रस्त्यावर उतरली. बाजारपेठाही बंद झाल्या. सरकारने लष्कर बोलावले. दगडांना गोळ्यांनी उत्तर मिळाले आणि माणसे मेली. युरोपात निर्वासित असलेल्या लेनिनने त्याच वर्षी या संपाची दखल घेतली.

आमच्या मते या सहा दिवसांत देशभक्तीची मालकी बदलली. तोवर ती सभा, ठराव आणि अग्रलेख यांत वावरत होती. तिचा मान शिकलेल्यांकडे होता. चाळीतल्या माणसाने तिच्यासाठी मजुरी सोडली आणि जीव दिला, तेव्हा ती त्याचीही झाली. इथे एक अडचणीची गोष्टही नोंदवली पाहिजे. मुंबईच्या बहुतेक गिरण्या देशी मालकांच्या होत्या आणि स्वदेशीच्या चळवळीने त्यांच्या कापडाला उठाव आला होता. म्हणजे स्वदेशीच्या नेत्यासाठी झालेल्या संपाचा फटका स्वदेशी मालकालाच बसत होता. राष्ट्र आणि मालक ही एकच वस्तू नव्हे, एवढे त्या आठवड्यात उघड झाले होते. ते मोठ्याने बोलायला मात्र कुणी तयार नव्हते.

पुढे १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीच्या भागात विदेशी कापडाची लॉरी अडवताना बाबू गेनू चिरडला गेला. तोही गिरणीतलाच. त्याच्या देशभक्तीविषयी कुणी शंका घेतली नाही, कारण समोर परके सरकार होते.

शंका घेतली गेली ती १९३८ मध्ये. आता मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ होते आणि गृहखाते कन्हैयालाल मुनशींकडे. त्या मंत्रिमंडळाने औद्योगिक कलहांचे विधेयक आणले. वादाची गोष्ट आधी समेटाच्या प्रक्रियेतून गेली पाहिजे. ती पुरी होण्यापूर्वी संप केला तर तो बेकायदा, आणि बेकायदा संपाला तुरुंगवास. विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या विधेयकावर घणाघाती टीका केली. माणसाने आपले श्रम आपल्या अटींखेरीज देण्यास नकार देणे म्हणजे संप. या नकाराला गुन्हा ठरवणे म्हणजे माणसाला वेठीला धरणे, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. कायद्याचा विद्यार्थी म्हणून आम्ही तो युक्तिवाद अनेकदा वाचला आहे. आजही त्याला तोड सापडत नाही. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. एरवी या दोघांचे फारसे जमत नसे. त्या दिवशीही पोलिसांनी गोळी चालवली.

तीस वर्षांच्या अंतराने तोच कामगार, तोच परळ-लालबागचा परिसर आणि तीच १८६० ची दंडसंहिता, जिच्यात पाच माणसे व एक बेकायदा उद्देश एवढ्यावर जमाव गुन्हेगार ठरत असे. बदलले होते ते फक्त गोळीचा हुकूम देणारे हात. १९०८ चा संपकरी सगळ्यांच्या लेखी देशभक्त होता. १९३८ च्या संपकऱ्याला मात्र, तू राष्ट्रीय सरकारला अडचणीत आणतोस, असे ऐकावे लागले. देशावरची निष्ठा आणि सत्तारूढ मंत्रिमंडळावरची निष्ठा यांची गाठ तिथे प्रथम मारली गेली. ती अजून सुटलेली नाही. कामगाराने ती आपल्यापुरती सोडवली होती: त्याने देश सोडला नाही, पण सरकार म्हणजेच देश हे समीकरण मानणे सोडले. १९४६ च्या फेब्रुवारीत नौसैनिकांच्या उठावाला पाठिंबा म्हणून हीच गिरणगावची वस्ती पुन्हा गोळ्यांसमोर उभी राहिली. त्या वेळी काँग्रेस आणि मुस्लिम लीग या दोन्ही पक्षांचे वजनदार नेते नौसैनिकांना शस्त्रे खाली ठेवायला सांगत होते.

स्वातंत्र्यानंतर भाषेचा प्रश्न आला, तेव्हा रस्त्यावर येण्याची ही सवय कामगारांना नवी नव्हती. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संप करून ते विधानसभेच्या दिशेने निघाले. फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला आणि पंधरा माणसे मारली गेली. संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांची यादी पुढे शंभरावर गेली; तिच्यात गिरणी कामगारांची नावे मोठ्या संख्येने आहेत. १६ जानेवारी १९५६ ला मुंबई केंद्रशासित होणार अशी घोषणा झाली आणि दुसऱ्याच दिवशी बेळगावात गोळ्या सुटल्या. आम्ही सीमाभागातले लोक १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन करतो ते त्यामुळेच. त्या वेळीही आरोप हाच होता, की हे लोक देशाचे तुकडे करायला निघाले आहेत.

आणि त्याच १९५६ साली, टिळकांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने, मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या त्याच दालनाबाहेर टिळकांचे शब्द कोरलेल्या शिळेचे अनावरण केले आणि त्या जुन्या शिक्षेला अन्याय म्हटले. सहा दिवसांच्या संपात मेलेल्यांची नावे त्या शिळेवर नाहीत.