इथे गाणी भरून मिळतील

ज्यांनी आयुष्यात ग्रामोफोनची पिन पाहिलेली नाही, अशी माणसंही मित्राला सहज म्हणतात, ‘तुझी पिन तिथेच अडकलीय.’ घरात कुणी जुनंच गाऱ्हाणं काढलं की ‘झाली रेकॉर्ड सुरू’. यंत्रं भंगारात गेली, शब्द राहिले. मला मात्र या सगळ्यात एक वेगळाच शब्द जास्त आवडतो : भरणे. गाणी ऐकायची साधनं चार वेळा बदलली, पण मराठी माणूस आपला गाणी ‘भरत’ राहिला. आधी कॅसेटमध्ये, मग सीडीत, मग मेमरी कार्डात. बाजारातल्या दुकानांवर पाटी असायची, ‘गाणी भरून मिळतील’. आता ही पाटी दिसत नाही. स्ट्रीमिंगमध्ये भरायचं काही उरलेलंच नाही, सगळं दुसऱ्याच्या सर्व्हरवर आहे.

सुरुवात मात्र भरण्याने झाली नव्हती, कोरण्याने झाली होती. १९०२मध्ये फ्रेड गायसबर्ग नावाचा रेकॉर्डिंग इंजिनिअर ग्रामोफोन कंपनीची यंत्रं घेऊन कलकत्त्याला आला. मायक्रोफोन नव्हता, तो आला १९२५च्या सुमारास. गाणाऱ्याने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून जोरात गायचं, त्या आवाजाच्या धक्क्याने सुई हलायची आणि मेणाच्या तबकडीवर चर उमटायची. गौहर जान तिथे गायली. गाणं संपताच ती इंग्रजीत आपलं नाव सांगते. पुष्कळ लोक याला तिचा तोरा समजतात. असेलही. पण त्यामागे एक व्यवहारी कारण सांगितलं जातं. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोवरला. तिथल्या कामगारांना कुठला आवाज कुणाचा हे कळणार कसं? म्हणून नाव आवाजातच ठेवून दिलं.

माझ्या धंद्याच्या भाषेत याला मेटाडेटा म्हणतात : माहितीबद्दलची माहिती. गाणं एका जागी आणि गाणारीचं नाव दुसऱ्या जागी असेल, तर वाटेत कुठेतरी नाव हरवतं. गौहर जानच्या बाबतीत ते हरवणं शक्यच नव्हतं, तबकडी फुटली तरच नाव जाणार. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या तबकड्या लाखेच्या होत्या, आणि जगभरच्या तबकड्यांना लागणाऱ्या लाखेचा मोठा हिस्सा भारतातूनच जायचा. मिनिटाला ७८ फेरे, दहा इंच रुंदी, एका बाजूला तीन मिनिटं आणि वर काही सेकंद. ज्या गायकाला एक राग उलगडायला तासभर लागायचा, त्याला आलाप, बंदिश, ताना हे सगळं तीन मिनिटांत आवरायचं होतं. ज्या बालगंधर्वांना रंगभूमीवर ‘वन्स मोअर’वर ‘वन्स मोअर’ मिळायचे आणि नाटक पहाटेपर्यंत चालायचं, त्यांनाही तबकडीवर तेवढीच जागा. हल्ली लोक म्हणतात की रीलमुळे गाण्यांचा जीव गेला, सगळं आखूड झालं. खरं सांगायचं तर हा सौदा शंभर वर्षांपूर्वीच झाला होता.

आणि तो सौदा अगदीच वाईट नव्हता. गदगचा एक मुलगा दुकानात वाजणारी अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकून असा झपाटला की १९३३मध्ये, अकराव्या वर्षी, गुरू शोधायला घर सोडून पळाला. त्याचं नाव भीमसेन जोशी. मूळ मैफल त्याने ऐकली नव्हती, ऐकली होती ती तिची तीन मिनिटांची खरखरती संक्षिप्त आवृत्ती. तेवढी पुरली.

केसरबाई केरकरांच्या अशाच एका साडेतीन मिनिटांच्या भैरवीची गोष्ट तुम्हाला बहुधा ठाऊक असेल. गोव्यातल्या केरी गावच्या या बाईंचा आवाज १९७७मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर सूर्यमालेबाहेरच्या वाटेला लागला. मला त्यातली भावणारी गोष्ट जरा वेगळी आहे. ‘नासा’ने तबकडीसोबत सुई आणि कार्ट्रिजही पाठवलं, आणि ती कशी वाजवायची याच्या खुणा वेष्टनावर कोरल्या. माझ्या माहितीत वाजवण्याचं साधन आणि माहितीपत्रक घेऊन निघालेलं हे एकमेव ध्वनिमुद्रण. आपल्या पोटमाळ्यावरच्या कॅसेटींचं भाग्य इतकं थोर नाही.

आता रेडिओबद्दल थोडक्यात, कारण रेडिओच्या आठवणींवर मराठीत आधीच भरपूर लिहून झालंय. १ एप्रिल १९५५ला पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं, वर्षभर चाललं, गाणी ५६. ठरलेल्या वेळी सगळं घर रेडिओसमोर. चुकलं तर हातात काही नाही. पण रेडिओची एक सवय आपण विसरलोय. गाण्याआधी निवेदिका सांगायची : गीत अमुक, संगीत अमुक, स्वर अमुक. कवीचं नाव बहुतेकदा आधी. लहान गावातल्या पोरालाही कोणत्या गाण्याचे शब्द माडगूळकरांचे हे पाठ असायचं, कारण ते रोज कानावर पडायचं.

मग कॅसेट. इथे मला थोडं रेंगाळायचंय, कारण जुन्या संगीताच्या आठवणी लिहिणारे लोक इथे नेमके घाईत असतात. तबकडी सुंदर होती, ग्रामोफोन दिवाणखान्यात शोभायचा, पण दिवाणखाना किती जणांकडे होता? ऐंशीच्या दशकापर्यंत या देशात काय रेकॉर्ड व्हायचं हे मुख्यतः एक मोठी कंपनी ठरवायची. तबकडी छापायला कारखाना लागतो. कॅसेटला दोन टेपरेकॉर्डर लागतात. फिलिप्सने कॅसेट काढली १९६३मध्ये. आपल्याकडे ती खऱ्या अर्थाने घरोघर पोचली ऐंशीच्या दशकात. काही घरांत आखातात कामाला गेलेल्यांनी आणलेल्या टू-इन-वनमधून, मग स्वस्त कॅसेट कंपन्यांमधून. छोट्या कंपन्या उगवल्या, आणि जे आवाज दिवाणखान्यात शिरू शकत नव्हते त्यांच्यासाठी बाजार तयार झाला. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज एसटी स्टँडवर, टपरीवर, पंढरीच्या वाटेवर. कोळीगीतं, लावण्या, देवीची गाणी. आणि भीमगीतं. वामनदादा कर्डक गावोगाव, वस्त्यावस्त्यांत गात फिरले, त्यांची गाणी लोकांच्या तोंडी होतीच. कॅसेटमुळे ही सगळी परंपरा १४ एप्रिलच्या मिरवणुकीत कर्ण्यावर आणि एरवी घरातल्या टेपवर वाजू लागली.

म्हणून ‘तबकडीचा तो उबदार आवाज आता नाही’ असं कुणी म्हणालं की मी मान डोलावतो, पण मनात येतं की ही हळहळ कुणाच्या घरातली आहे? कॅसेटचा आवाज वाईटच होता. वरून सतत सूंऽऽ असा आवाज, उन्हात ठेवली की सूर हेलकावे खायचा, फीत हेडमध्ये गुंतली की पेन्सिल घालून गुंडाळत बसायचं. पण त्या खराब आवाजात कितीतरी लोकांना पहिल्यांदा स्वतःची गाणी विकत घेता आली.

कॅसेटच्या आतला कागद आठवतो का? घडी घातलेला, बारीक अक्षरांचा. साइड ए, साइड बी, गीत, संगीत, गायक, कधीकधी ढोलकी कुणाची तेही. गौहर जानने आवाजात ठेवलेलं नाव आता या कागदावर उतरलं होतं. अडचण एवढीच की कागद कॅसेटपासून वेगळा होऊ शकत होता. ‘भरून’ घेतलेल्या कॅसेटवर तर तो नसायचाच. दुकानदार बॉलपेनने ‘मिक्स – २’ लिहून मोकळा.

मग एमपीथ्री आलं. पुन्हा जर्मनी, या वेळी फ्राउनहोफर संस्था, ‘.एमपीथ्री’ हे शेपूट ठरलं १९९५मध्ये. त्यातली युक्ती अभियंता म्हणून मला आजही थोर वाटते. मोठ्या आवाजाच्या आड लपलेला बारीक आवाज कानाला ऐकू येतच नाही, मग तो साठवायचा कशाला? सीडीवर सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट लागतात, त्या जागी १२८मध्ये काम भागवलं. साधारण अकरावा हिस्सा. तीन मिनिटांचं गाणं तीस-बत्तीस एमबीवरून तीन एमबीच्या आत. आमच्या पिढीचं संगीत यावरच उभं राहिलं : दोन जीबीचं कार्ड, मोबाइलच्या दुकानातला संगणक, ‘मराठी नवीन’ नावाचा फोल्डर, वीस-तीस रुपये.

आवाजातलं काय गेलं यावर लोक तासन् तास भांडतात. मला त्याहून मोठं नुकसान दुसरीकडे दिसतं. एमपीथ्री फाइलच्या शेवटी माहितीसाठी एक छोटी चिठ्ठी चिकटवायची पद्धत निघाली, आयडीथ्री तिचं नाव. पहिल्या आवृत्तीत एकूण जागा १२८ बाइट. गाण्याच्या नावाला ३०, कलाकाराला ३०, अल्बमला ३०, वर्षाला ४, शेऱ्याला ३०, प्रकाराला १, आणि सुरुवातीच्या खुणेला ३. संपलं. गीतकाराला रकानाच नाही. संगीतकारालाही नाही. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. आज सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८मध्ये देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला, म्हणजे काना-वेलांटीलाही, तीन लागतात. तीस बाइटांत दहा चिन्हं. ‘सुधीर फडके’ २८ बाइटांत कसंबसं बसतं. ‘वामनदादा कर्डक’ला ४० हवेत. तेव्हा पडद्यावर उरतं ‘वामनदादा क’ आणि पुढे प्रश्नचिन्हाचा एक चौकोन.

यात कुणाचा कट नव्हता. ज्याने रकाने आखले त्याच्यासमोर त्याची गाणी होती, आपली नव्हती. पुढच्या आवृत्तीत शब्द लिहिणाऱ्यासाठी आणि चाल बांधणाऱ्यासाठी रकाने आलेही. पण तोवर कॅसेटींवरून उतरवलेल्या हजारो फायली ‘ट्रॅक ०१’, ‘भीमगीत नवीन’, ‘देवीची गाणी डीजे’ अशा नावांनी कार्डाकार्डांतून पसरल्या होत्या. तिथून त्या व्हिडिओंच्या साइटवर गेल्या, वर कुणा भलत्याचंच नाव. मोठ्या कंपनीच्या जुन्या गाण्यांचं नीट झालं. २०१७मध्ये तर पाच हजार गाणी भरलेला रेडिओसारखा दिसणारा डबा बाजारात आला आणि घरोघर आईवडिलांना भेट गेला. त्या डब्यात पोपटाच्या गाण्यावर नाचलेल्या पिढीचं बालपण किती, ते तुम्हीच ऐकून ठरवा. बंद पडलेल्या लहान कंपन्यांच्या कॅसेटी कुठल्या डब्यात जाणार?

फीत चिरंजीव नसते. तिच्यावरचा चुंबकीय थर आणि त्याला धरून ठेवणारा चिकट पदार्थ दमट हवेत सुटत जातो, बुरशी धरते. आपल्याकडे पावसाळा चार महिने.

गेले काही महिने नातेवाइकांच्या आणि ओळखीच्यांच्या घरून आलेल्या कॅसेटी मी शनिवारी संगणकावर उतरवतो. जुना डेक, एक वायर, एक फुकटचं सॉफ्टवेअर. स्क्रिप्ट लिहून हे काम वेगात होत नाही : साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटंच लागतात, आणि मधेच फीत गुंतेल म्हणून शेजारी बसावं लागतं. मग आतला कागद असला तर भिंग घेऊन वाचायचा आणि सगळी नावं टाइप करायची. गीत, संगीत, स्वर, कोरस, ढोलकी. कागद नसला, तर कॅसेट देणाऱ्या काकांना फोन लावून गाणं ऐकवायचं आणि विचारायचं, हे कुणाचं? ते बहुतेक वेळा पहिली ओळ संपायच्या आत सांगतात.